हिरवळीचा चातुर्मास

अमरावती असो की अकोला, शहराबाहेर पडणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागलं की लग्नाची लॉन दिसायला लागतात. तुळशीचं लग्न झालं की तिथे मांडवाचे खांब रोवले जातात आणि हंगाम थेट ज्येष्ठापर्यंत चालतो. हजार-दीड हजार माणसांचं जेवण, बुफेच्या टेबलांभोवतीची रेटारेटी, वरातीतला नाच, दोन-दोन दिवस अंथरून ठेवलेली जाजमं, स्टेजचा सांगाडा, रात्री उशिरा ओतून दिलेलं खरकटं पाणी. हे सगळं सोसायचं ते बोटभर उंचीच्या गवताने. आषाढी एकादशीला देव झोपले की मुहूर्त थांबतात, गेटला कुलूप लागतं आणि पावसाने सगळं पुन्हा हिरवंगार होतं. मालक निश्चिंत होतो. मोवर फिरवला की झालं, असं त्याला वाटतं.

माझं म्हणणं असं की वऱ्हाडातल्या हिरवळीचं सगळ्यात मोठं काम नेमकं याच चार महिन्यांत करायचं असतं आणि आपण ते करत नाही. लग्नाच्या लॉनवर करत नाही, बंगल्यापुढच्या दोन गुंठ्यांत करत नाही, शाळा-कॉलेजच्या मैदानांवर तर नाहीच. मग माघ-फाल्गुनात गवत पिवळं पडलं की युरियाचं पोतं आणलं जातं. त्याने दुखणं वाढतं.

दुखणं कुठे आहे ते पाहायला यंत्र लागत नाही. धारदार खुरप्याने हिरवळीचा तीन इंच खोल चौकोनी तुकडा कापून बाहेर काढायचा आणि कडेने न्याहाळायचा. वर हिरवी पाती दिसतील, तळाशी काळी माती. या दोहोंच्या मध्ये तपकिरी, तंतुमय, बोटाने दाबलं की आत जाणारा आणि सोडलं की वर येणारा एक थर असतो. त्यात मेलेली खोडं, जिवंत खोडं, धावते फुटवे, जुन्या मुळ्या, सगळं एकमेकांत विणलेलं. बागकामवाले त्याला थॅच म्हणतात. हा थर अर्धा इंच, म्हणजे सव्वा सेंटीमीटरपर्यंत असेल तर उपकारकच असतो. पायांचा भार तो झेलतो आणि मेच्या उन्हात मातीला आडोसा देतो. त्यापेक्षा जाड झाला की मात्र गवताचं मातीशी असलेलं नातंच तुटतं. मुळं खाली उतरायचं सोडून त्या थरातच राहतात. तो भरभर वाळतो, आणि एकदा पूर्ण वाळला की पाणी सहजी शोषत नाही. मोवरची चाकं त्यात रुततात, पातं खोल जातं आणि कापणीनंतर जागोजागी तपकिरी चट्टे उठतात.

हा थर कापलेल्या गवतामुळे होतो हा सार्वत्रिक समज आहे, पण तो खरा नाही. कापलेल्या पात्यांत बहुतांश पाणीच असतं, त्यांचं खत लवकर होतं. थर होतो तो खोडांचा आणि मुळ्यांचा, कारण त्यांत लिग्निन असतं आणि ते कुजायला वेळ घेतं. आपल्याकडची हिरवळ बहुतेक हरळीचीच असते. गणपतीला वाहतात त्या दुर्वा याच. हरळी जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही धावते. तिला आवरणं किती कठीण आहे हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वावरात हरळी आणि कुंदा माजला की उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची, काशा वेचून धुऱ्यावर जाळायच्या, तरी एखादी गाठ राहिली की पावसाळ्यात ती पुन्हा हजर. शेतात जिचा जीव जात नाही तीच लॉनवर आजारी पडते, याचं कारण तिची वाढ कुजण्याच्या वेगाला मागे टाकते. युरिया वारेमाप पडला, रोज थोडं थोडं पाणी शिंपडलं, कीटकनाशकाने गांडुळं मेली, माती तुडवून दगड झाली, की कुजवणारे जीव कमी होतात आणि थर चढत जातो.

नर्सरीत मेक्सिकन किंवा कोरियन या नावाने मिळणारं झॉयशिया वंशातलं गवत हरळीहून घट्ट विणीचं. ते वाढतं सावकाश, पण थर जाड करतं, आणि एकदा जोरात खरवडलं तर सावरायलाही तितकाच वेळ घेतं. त्याच्या वाट्याला हलका हात ठेवायचा.

वऱ्हाडाच्या मातीचा प्रश्न वेगळाच आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की तिला हात जाईल अशा भेगा पडतात. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर अशाच काळ्या मातीची खेळपट्टी आहे. चिकणमाती रोलरने दाबली की घट्ट बसते, हे खेळपट्टीसाठी वरदान आहे. पण तोच रोलर लोक हौसेने लॉनवरही फिरवतात आणि ओल्या काळ्या मातीतली हवेची उरलीसुरली पोकळीही मिटवतात. दुसरा उद्योग कंत्राटदार करतात. काळ्या मातीवर चार इंच लाल माती किंवा मुरूम पसरतात आणि त्यावर गवताचे तयार चौकोन बसवतात. दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडतं. वरच्या थराला श्रावणात दलदल आणि वैशाखात कोरड, अशी ती हिरवळ जन्मतःच दुबळी.

पूर्णेच्या खोऱ्यात यावर आणखी एक भर पडते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. तिथे बोअरचं पाणी वर्षभर गवताला दिलं की मातीत सोडियम साठतो, चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि पृष्ठभाग सारवल्यासारखा बंद होतो. उन्हाळ्यात तिथे पांढुरकी खपली दिसते आणि पावसाळ्यात तिच्याच जागी हिरवट-काळा बुळबुळीत थर. घरमालक म्हणतो, शेवाळ आलं, औषध द्या.

ते बहुतेक वेळा खरं मॉस नसतं. मॉसला बारीक खोड आणि इवली पानं असतात, हाताला ते मखमली लागतं. मैदानी वऱ्हाडात ते भिंतीच्या उत्तरेला, निंबाच्या दाट सावलीत, गळक्या नळापाशी दिसतं. उघड्या लॉनवरचा बुळबुळीत थर मात्र निळ्या-हिरव्या शैवालाचा असतो. त्यातलं नॉस्टॉक तर पाहण्यासारखं आहे. पावसात जेलीसारख्या हिरव्या घड्या पडलेल्या असतात, उघडीप मिळाली की त्यांच्या काळ्या चुरचुरीत पापड्या होतात, आणि पुढची सर आली की त्याच पापड्या पुन्हा फुगतात. महिनोन्महिने कोरडं राहूनही तो जीव टिकतो. दोघांनाही खरी मुळं नसतात, दोघंही गवताला मारत नाहीत. गवत जिथे आधीच विरळ झालं तिथे ते बसतात. म्हणून नुसतं खरवडून उपयोग नाही. पुढच्या झडीला ते परत येणार.

यावर चुना टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला थंड, पावसाळी, आम्ल मातीच्या मुलखातला आहे. इंग्लंडात जमीन आम्ल होते, मॉस माजतं आणि चुन्याने मातीचा आंबटपणा उतरून गवताला बळ येतं. आपल्या मातीचा सामू आधीच आठच्या आसपास असतो, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे नांगराला लागतात. तिच्यावर आणखी चुना म्हणजे गवताचं लोह अडवणं. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना हे चांगलं ठाऊक आहे: पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की ते नत्राकडे नाही, लोह आणि जस्ताकडे पाहतात. लॉनच्या कोवळ्या पात्यांचा पिवळेपणाही कित्येकदा तोच असतो. हिराकशीच्या, म्हणजे फेरस सल्फेटच्या, अर्धा टक्क्याच्या फवाऱ्याने गवत हिरवं होतं. हिराकस जास्त प्रमाणात पडली की मॉस काळं पडून वाळतं आणि मग दाताळ्याने ओढून काढता येतं. फक्त ती फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

खारपाणपट्ट्यात उपाय जिप्समचा. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि पावसाचं गोडं पाणी सुटलेला सोडियम खाली वाहून नेतं. निचऱ्याला चर नसेल तर मात्र जिप्समही वाया. किती टाकायचं ते माती तपासल्याशिवाय ठरवू नये. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्या दाराशी आहे, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. लॉनची माती तपासायला नेण्यात काही कमीपणा नाही.

मॉस सगळीकडे शत्रू नाही, हेही सांगायला हवं. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या चिखलदऱ्याला श्रावणात गेलात तर दगडी पायऱ्या, झाडांची खोडं, बांध सगळं मॉसने मढलेलं असतं. धुकं, सावली आणि सततची ओल, तिथे त्याचं राज्य आहे. जपानमध्ये क्योतोच्या साईहोजी मंदिराची बाग तर मॉसचीच, शंभरावर जाती तिथे नांदतात. घराच्या ज्या कोपऱ्यात ऊन येतच नाही तिथे हरळीचा अट्टहास सोडावा. तिला दिवसाचं निम्मं ऊन तरी लागतं. तिथे फर्न लावा, नाहीतर मॉसच राहू द्या.

आता कामाकडे. पावसाच्या तोंडावर गवत जमिनीलगत खरवडायची पद्धत आपल्या बागांतून जुनीच आहे. सरकारी बागेत खुरपी घेऊन एका ओळीत बसलेल्या बाया ते काम करताना दिसतात. तत्त्व बरोबर आहे, पण वऱ्हाडात मेमध्ये घाई करू नये. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर असताना गवताचे उघडे गड्डे उन्हाला दिले तर ते करपतात. मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी होऊ द्या, गवताला फूट येऊ द्या आणि मातीला वाफसा येऊ द्या. पाय रुततो अशा मातीत काम केलं तर ती लिंपली जाते. कोरडी ठणठणीत असेल तर दात आत जात नाहीत. वाफशाचे दोन-चार दिवस शेतकऱ्याला जसे ओळखता येतात, तसे माळ्यालाही आले पाहिजेत.

आधी दोन-तीन कापण्यांत गवत हळूहळू खाली आणायचं. मग लोखंडी दाताळं एका दिशेने जोर देऊन ओढायचं, नंतर आडवं. निघणाऱ्या तपकिरी काड्यांचा ढीग पाहून घरातली माणसं हादरतात. एवढं सगळं काढल्यावर उरणार काय, असं विचारतात. हिरवळ आठवडाभर उजाड दिसते खरी, पण पावसाळ्यात हरळी तीन-चार आठवड्यांत भरून येते. लग्नाच्या लॉनसारख्या मोठ्या जागेला उभ्या पात्यांचं यंत्र भाड्याने घ्यावं, आणि पातं मातीला जेमतेम टेकेल एवढंच ठेवावं. दोन इंचांचा थर एका वर्षात काढायचा हट्ट नको, त्यासोबत मुळंही निघून येतील. दोन पावसाळे घ्या. याच वेळी गवताचा एखादा पट्टा हाताने उचलून पाहा. जाजमासारखा अलगद उचलला गेला तर खाली हुमणी आहे. पहिल्या पावसानंतर निंबा-बाभळीवर जमणाऱ्या भुंगेऱ्यांच्या त्या अळ्या मुळं कुरतडतात.

तुडवलेल्या जागी पोकळ दातांच्या अवजाराने तीन-चार इंच खोल मातीच्या कांड्या काढाव्यात. नुसत्या पहारीने भोकं पाडली तर काळी माती बाजूने आणखी दाबली जाते, म्हणून पोकळ दात हवेत. त्यावर पाव इंच चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि तीच काळी माती पसरून झाडूने खाली उतरवायची. हजार चौरस फुटांना ब्रासचा जेमतेम पाचवा हिस्सा लागतो. त्या खतातले जीवच पुढे थर कुजवायचं काम करतात. ऑगस्ट संपण्याआधी हे सगळं आटोपलेलं हवं, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत गवत पायांना तयार होतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी पाण्याकडे बोट दाखवीन. अमरावती अप्पर वर्धा धरणाचं पाणी पिते, अकोला महानच्या काटेपूर्णेचं, आणि टंचाईच्या वर्षात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे अकोलेकरांना विचारावं. हजार चौरस फुटांवरच्या जाड थराने वरचं पाच मिलिमीटर पाणी अडवून हवेत सोडलं तर एका वेळी साडेचारशे लिटरच्या वर पाणी मुळांना न लागता गेलं. अशा मुलखात हिरवळ ठेवायची तर ती लहान असावी आणि तिच्या मुळांपर्यंत पाणी पोचावं, एवढी अट मला रास्त वाटते. आठवड्यातून एक-दोनदा खोल पाणी द्या, रोजचं शिंपडणं बंद करा.

दिवाळीच्या या दिवसांत खरवडायला जाऊ नका. थंडी सुरू होईल, हरळीची वाढ मंदावेल, उघडी पडलेली जागा फाल्गुनापर्यंत तशीच राहील. परदेशी पुस्तकांत शरद ऋतूत हे काम करायला सांगितलेलं असतं ते थंड हवेच्या गवतांसाठी. आता फक्त तुकडा कापून थर मोजा, सावलीच्या आणि शेवाळाच्या जागा कागदावर टिपून ठेवा. लॉनवाल्यांनी जाजमं त्याच रात्री उचलायचं मांडववाल्याकडून कबूल करून घ्यावं, स्टेज आणि बुफेच्या जागा पेव्हरच्या कराव्यात आणि खरकट्या पाण्याला वेगळी नाली द्यावी. शेणखताची ट्रॉली मात्र आत्ताच सांगून ठेवा आणि कोपऱ्यात ढीग लावून कुजू द्या. पेरणीच्या तोंडावर सगळ्यांना ती एकाच वेळी लागते.