संगणकाच्या बूट सेक्टरमधील बिघाड : स्वरूप, कारणे व दुरुस्ती

प्रस्तावना :
परीक्षेचे गुण, प्रवेशाच्या नोंदी, प्रबंधांचे मसुदे अशी महत्त्वाची माहिती आज महाविद्यालयाच्या संगणकावर असते. संगणक सुरू झाला नाही की डिस्क 'फॉरमॅट' करण्याचा मोह होतो. बेलापूरसारख्या गावी, जेथे तज्ज्ञ सहज उपलब्ध नसतो, तेथे हा मोह अधिक. बिघाड केवळ बूट सेक्टरचा असेल, तर ही कृती अनावश्यक व घातक ठरते. प्रस्तुत लेखात या बिघाडाचे व त्याच्या दुरुस्तीचे विवेचन केले आहे.

स्वरूप :
जुन्या 'एमबीआर' पद्धतीत डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांची नोंद ठेवणाऱ्या पार्टिशन टेबलसाठी आणि अखेरचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. प्रत्येक विभागालाही स्वतःचा बूट सेक्टर असतो. वापरकर्त्याच्या फाइली मात्र अन्यत्र असतात. म्हणूनच बूट सेक्टर बिघडणे म्हणजे माहिती नष्ट होणे नव्हे.

कारणे :
लेखनक्रिया सुरू असताना वीज खंडित होणे, डिस्कची झीज, दुसरी कार्यप्रणाली बसविताना झालेली चूक आणि व्हायरस ही प्रमुख कारणे होत. १९८६ मधील लाहोरचा 'ब्रेन' फ्लॉपीचा मूळ बूट सेक्टर अन्यत्र हलवून त्या जागी स्वतः बसत असे. भारतात १९९० मध्ये आढळलेला 'जोशी' दरवर्षी ५ जानेवारीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकलिखित करावयास लावी. 'मायकेलँजेलो' हा ६ मार्चला डिस्कचा आरंभीचा भागच पुसून टाकीत असे. अशा व्हायरसच्या काळातच पुण्यातील संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून कैलास व संजय काटकर या बंधूंचे 'क्विक हील' उभे राहिले.

दुरुस्ती :
१) डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास संगणक त्वरित बंद करून तज्ज्ञाकडे द्यावा.
२) डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून प्रथम फाइलींची प्रत घ्यावी.
३) विंडोज एक्सपीच्या रिकव्हरी कन्सोलमध्ये 'फिक्सएमबीआर' व 'फिक्सबूट' या आज्ञा होत्या, व्हिस्टापासून त्यांची जागा 'बूटरेक'ने घेतली. बूटरेकची एमबीआर-आज्ञा केवळ सूचना नव्याने लिहिते, पार्टिशन टेबल नव्हे.
४) पार्टिशन टेबलच नष्ट झाले असल्यास 'टेस्टडिस्क' या विनामूल्य प्रोग्रामने हरवलेल्या विभागांचा शोध घेता येतो.
५) विभागाचा बूट सेक्टर बिघडल्यास त्याची राखीव प्रत उपयोगी पडते. ती एनटीएफएसमध्ये विभागाच्या अखेरीस असते.

नव्या संगणकांतील 'जीपीटी' पद्धतीत विभागांच्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. त्यामुळे तेथे दुरुस्तीची पद्धत भिन्न आहे.

निष्कर्ष :
बूट सेक्टर पुन्हा लिहिता येतो. पुसलेला प्रबंध परत मिळेलच असे नाही. म्हणून निदान, प्रत आणि मग दुरुस्ती हाच क्रम पाळणे हितावह आहे.