सोडत आज, दवाखाना कधी?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर: कुठल्याही स्टेशनाबाहेर लॉटरीचा स्टॉल दिसला की दोन मिनिटं थांबून बघा. दोरीला चापांनी अडकवलेली तिकिटं, ‘सोडत आज’चा फलक आणि निकालाच्या कागदावर बोट फिरवत शेवटचे आकडे जुळवणारं गिऱ्हाईक. पहिल्या बक्षिसाकडे तो ढुंकून बघत नाही. त्याचं बोट थेट खालच्या ओळींवर, शे-दोनशेच्या बक्षिसांवर. अनुभवी माणूस!

या तिकिटामागचं सरकार फार जुना दुकानदार आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली, ती मटक्याला उतारा म्हणून. मटक्याचा उगम कापसात. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि मिटते भाव मुंबईत यायचे आणि त्यांच्यावर इथं पैजा लागायच्या. लोकांना आकडा लावायचाच आहे, तर निदान सरकारी तिकिटावर लावू दे, असा हिशेब. १९९८ च्या लॉटरी कायद्यानं तर एका आकड्यावर बक्षीस द्यायलाच बंदी घातली. म्हणजे मटक्याची सावलीही नको.

त्याच कायद्यात आणखी एक गंमत आहे. बंपर सोडती वर्षाला जास्तीत जास्त सहा. आपल्या सणांची यादी बघता हे नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्याची कीवच येते. गुढीपाडवा घेतला की गणपती आला, गणपती घेतला की दिवाळी दारात उभी.

आता जरा गणित. समजा, १० लाख तिकिटांची लॉटरी आहे आणि पहिलं बक्षीस एकच. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६. तिन्ही शहरांतल्या प्रत्येकाच्या हातात, तान्ह्या बाळासकट, एकेक तिकीट ठेवलं तरी ६६,२०१ तिकिटं उरतात. पहिलं बक्षीस त्या उरलेल्यांतच असेल, अशी आपली खात्री असतेच.

पण लॉटरीच्या पैशातून शाळा-दवाखाने उभे राहतात का? तिकीटविक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात भरायचा, एवढं कायदा सांगतो. कुठल्या वॉर्डातल्या दवाखान्याला किती, हे तिकिटावर छापलेलं नसतं. केरळनं मात्र छापल्यासारखंच केलं. त्यांची लॉटरी १९६७ ची, म्हणजे आपल्या दोन वर्षं आधीची. १ रुपयाचं तिकीट, ५० हजारांचं पहिलं बक्षीस, पहिली सोडत २६ जानेवारी १९६८. मग २०११ मध्ये त्यांनी ‘कारुण्य’ नावाची लॉटरी काढली आणि तिचा पैसा कॅन्सर, हृदयरोग, मूत्रपिंडाचे आजार अशा महागड्या उपचारांसाठी गरिबांच्या मदतीला लावला. तिकीट हरलं तरी कुणाच्या तरी डायलिसिसला हातभार लागला, ही समजूत फुकटात. उलट तमिळनाडूनं २००३ मध्ये लॉटरीच बंद करून टाकली. तिकिटांवर गरिबाचाच खिसा रिकामा होतो, हे तिथलं कारण. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत अनेक राज्यं शिक्षणासाठी लॉटरी चालवतात, आणि तिथल्या टीकाकारांचा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो: लॉटरीचा पैसा शाळेत आला की नेहमीचा सरकारी निधी हळूच आखडतो.

सार्वजनिक कामासाठी सोडत काढायची कल्पना आपल्याकडे अजिबात नवी नाही. मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या, यांच्यासाठी पैसा उभा करायला लॉटरीच काढली होती. पैसा पुरला नाही. शेवटी कंपनी सरकारनं पदरचे घातले आणि इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. लॉटरीच्या भरवशावर बांधकाम काढलं की काय होतं, याचा हा दगडी नमुना.

आपल्या तिन्ही शहरांत खरी चुरस असते ती बिनपैशाच्या सोडतींची. नगरसेवकाचा वॉर्ड महिलेसाठी राखीव की खुला, हे चिठ्ठीवर ठरतं; महापौर-नगराध्यक्षपदाचं आरक्षणही सोडतीनंच. आणि शिक्षणाचं काय? खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) दुर्बल घटकांतल्या मुलांना, आणि अर्ज जास्त झाले की सोडत. पहिलीत जाणाऱ्या पोराचं नाव निवड यादीत आलं की प्रतीक्षा यादीत अडकलं, हे बघताना आईचा मोबाइल जसा थरथरतो, तसा बंपरच्या निकालालाही थरथरत नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट देऊ केली होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. म्हणजे सोडत वाचली!

तेवढ्यात अंबरनाथला सोडतीविनाच एक बक्षीस लागलं. २०२४-२५ पासून तिथं १०० जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी मंजुरी मिळालेल्या राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांपैकी ते एक. लॉटरीचा पैसा त्यात किती, हे विचारू नका; राज्याच्या तिजोरीत गेलेल्या रुपयाला नाव नसतं.

तिजोरी मात्र नशीबवान. जीएसटी परिषदेत सगळे निर्णय एकमतानं व्हायचे. पहिल्यांदा मतदान घ्यावं लागलं ते १८ डिसेंबर २०१९ ला, आणि विषय काय, तर लॉटरी! १ मार्च २०२० पासून सगळ्या लॉटऱ्यांवर २८ टक्के कर लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. जिंकलात तरी सुटका नाही: मोठ्या बक्षिसातून ३० टक्के आयकर आधीच कापून हातात देतात. आणि मुदतीत बक्षीस मागायला गेलाच नाहीत, तर कायद्यानं अख्खी रक्कम सरकारची. उल्हासनगर जीन्सचं गाव. तेव्हा पँट धुवायला टाकण्याआधी मागचा खिसा चाचपा.