अळूचे पान आणि होडीचा तळ

पाऊस पडून गेला की परसातले अळूचे पान पाहा. त्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे बसलेले असतात. पान हलवले की ते घरंगळतात. जाताना धूळही घेऊन जातात. पान कोरडेच! म्हणून तर आपण 'अळवावरचे पाणी' असे म्हणतो.

हे कसे होते? सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले, तर या पानावर बारीक बारीक उंचवटे दिसतात. त्यांवर मेण असते. उंचवट्यांच्या मध्ये हवा राहते. थेंब नुसता टोकांवर टेकतो. त्याला पकड मिळत नाही. कमळाच्या पानाचेही असेच आहे.

आता उत्तनला चला. उत्तन हे मीरा-भाईंदरमधले कोळ्यांचे गाव. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तेव्हा त्यांचा तळ पाहावा. होडी पाण्यात राहिली की आधी तळाला जंतू चिकटतात. त्यांचा बुळबुळीत थर बनतो. मग शेवाळ येते. मग कठीण कवचाचे जीव घट्ट बसतात. होडी जड होते. डिझेल जास्त लागते. तळ खरवडता खरवडता हात दुखून येतात.

पूर्वी मोठ्या जहाजांना कथिलाचे विषारी रसायन मिसळलेला रंग देत. तळाचे जीव मरत, पण विष समुद्रात उतरे. त्याने कालवांचीही वाढ बिघडली. म्हणून २००८ साली आंतरराष्ट्रीय कराराने अशा रंगावर बंदी आली.

मग दुसरी युक्ती निघाली. जिवाला मारायचे नाही, त्याला पकडच द्यायची नाही! सिलिकोन नावाच्या रबरासारख्या द्रव्याचा लेप तळाला देतात. त्यावर जीव घट्ट बसत नाहीत. जहाज वेगाने निघाले की ते सुटून पडतात. होडी उभीच राहिली, तर मात्र या लेपाचा फारसा उपयोग नाही.

कधी कधी याच्या उलट हवे असते. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनले आहे. प्रयोगशाळेत या पेशी प्लॅस्टिकच्या बशीत वाढवतात. साध्या प्लॅस्टिकवर त्या नीट टिकत नाहीत. म्हणून बशीच्या आतल्या बाजूवर खास प्रक्रिया करतात. मग पेशी पाय रोवतात आणि वाढतात.

म्हणजे वस्तू कशाची आहे, एवढेच पाहून भागत नाही. तिचा वरचा भाग कसा आहे, तेही पाहावे लागते.

आता आपल्या घरातला पाण्याचा पिंप पाहू. आत हात फिरवा. बुळबुळीत लागते ना? होडीच्या तळाला बसतो, तसाच हा जंतूंचा थर. पाण्याने नुसता खळबळून तो जात नाही. औषधाचे थेंब टाकले, तरी थराच्या आतले जंतू वाचू शकतात. प्लॅस्टिकला चरे पडले की जंतूंना आणखी आसरा मिळतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामा करा. ब्रशाने आतून घासा. चांगला धुऊन वाळवा. मगच नवे पाणी भरा.

आपला पिंप काही अळूचे पान नाही. तो आपणच घासला पाहिजे!