गेमच्या पडद्यामागचा वाद्यवृंद

गेल्या दोन-तीन वर्षांपासून आम्हाला पांढरकवड्यातल्या बऱ्याच घरांत एक नवी गोष्ट दिसते आहे. दहावी-बारावीची मुले इशानंतर पुस्तक उघडून बसतात, तेव्हा कानात हेडफोन असतो, पण त्यात गाणे नसते. व्हायोलिने असतात, बासऱ्या असतात, मोठमोठे नगारे असतात, कधी शंभर गळ्यांचा एकत्र आवाज असतो. काय ऐकतोस विचारले तर उत्तर येते, ‘‘अब्बू, गेमचं म्युझिक आहे.’’ गेम हा शब्द कानावर पडला की अब्बूंचा पारा चढतो आणि बोलणे तिथेच संपते. ते जरा पुढे जावे म्हणून हा लेख.

ही मुले ऐकतात ते बहुतेक ‘रोल-प्लेइंग’ गेमचे संगीत. यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, लढतो. ही गोष्ट पन्नास तास, कधी शंभर तासही चालते. सिनेमा तीन तासांत संपतो. इथे त्याच वाटेवरून, त्याच गावातून पुन्हा पुन्हा जायचे असते. म्हणून चाल अशी हवी की ती कितीदाही ऐकली तरी कान विटू नयेत. गाणे सिनेमाला चालते, इथे शब्द आड येतात.

याची सुरुवात जपानमध्ये झाली. १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाचा गेम आला. त्याचे संगीत कोइची सुगियामा यांचे. तेव्हा त्यांचे वय ५५ होते आणि टीव्हीच्या दुनियेत त्यांचे नाव झालेले होते. एका कंपनीचा बुद्धिबळासारखा गेम त्यांना आवडला म्हणून त्यांनी अभिप्रायाचे कार्ड लिहिले. कार्डावरचे नाव पाहून कंपनीवाले चकित झाले आणि तिथून काम सुरू झाले. त्या काळच्या यंत्रातून एका वेळी जेमतेम तीन सूर निघत, वर थोडी खरखर. सुगियामांनी तेवढ्यातच शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य संगीत बसवले, आणि १९८७ मध्ये टोकियोत खऱ्या वाद्यवृंदाकडून त्याची मैफल करवली. मैफलीच्या नावातच ‘फॅमिली’ होते. गेमसाठी आलेली लेकरे व्हायोलिन ऐकून घरी गेली. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू मैदानात येऊ लागले ते याच गेमच्या सुरांवर.

दुसरे नाव नोबुओ उएमात्सु यांचे. हे आम्हाला जास्त जवळचे वाटतात, कारण ते कोणत्याही संगीतशाळेत शिकले नाहीत. पियानो आपला आपण शिकले, आणि संगीताच्या कॅसेट-रेकॉर्डी भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करत होते. तिथे येणाऱ्या एका बाईंनी त्यांना गेम कंपनीचे काम सुचवले. ‘फायनल फँटसी’ या मालिकेच्या चाली त्यांच्या. आज त्या जगभरच्या सभागृहांत वाजतात. वाद्यवृंदासाठी मांडणी बरेचदा दुसरे जाणकार करतात, पण चाल त्यांची असते.

आपल्याकडेही कामाची ही वाटणी जुनीच आहे. नौशाद साहेबांनी ‘आन’साठी शंभर वादकांचा ताफा बसवल्याची गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात चाल एकाची असे आणि प्रत्येक वाद्याचा कागद लिहिणारा दुसरा, बहुधा गोव्याचा अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखा नोटेशन जाणणारा. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच आली. आजच्या गेममध्ये शेवटच्या नामावलीत वादकांचीही नावे येतात, हे आम्हाला बरे वाटते.

पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स’ या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला. तो रोल-प्लेइंग नव्हे, साहसाचा गेम आहे, पण त्याचे नाव परदेशातही झाले. गेम पुण्याचा, सूर हिंदुस्थानी ढंगाचे, आणि संगीतकार लिनोस त्झेलोस मात्र ग्रीसचे. काम चांगले आहे, तक्रार नाही. तरी प्रश्न पडतो की नौशादांच्या मुलखातला एखादा मुलगा या खुर्चीत का नसावा? २०२३ पासून गेमच्या संगीताला ग्रॅमीत स्वतंत्र पुरस्कार आहे. फ्रान्सच्या ‘एक्स्पिडिशन ३३’ या २०२५ च्या गेमचा संगीतकार लोरियाँ तेस्तार आधी आपल्या चाली इंटरनेटवर टाकत असे. तिथेच तो कंपनीला सापडला आणि त्याने आठ तासांचे संगीत रचले.

संगीत ऐकावे की नाही यावर आलिमांचे एकमत नाही, आणि काही घरांत वाद्य मुळीच चालत नाही. तो त्या घरांचा निर्णय. ज्या घरांत ऐकले जाते, त्यांना आम्ही एवढेच सांगू की गेम आणि त्याचे संगीत या दोन गोष्टी वेगळ्या धरा. यातले कित्येक गेम मोठ्या माणसांसाठी आहेत, मारकाट भरपूर असते आणि रात्री खाऊन टाकतात. तिथे नकार द्यायलाच हवा. संगीत मात्र गेम न घेताही ऐकता येते.

आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. डीजे आले, बँड बसला, क्लॅरिनेट कपाटावर गेले. बापाने दुसरा धंदा धरला आणि पोराला आयटीआयला घालायचे ठरवले. पोरगा फोनवर चाली बनवतो. त्यात व्हायोलिन, ट्रम्पेट, सगळे तयार मिळते, बोटाने सूर मांडायचे. त्याने एकदा आजोबांना आपली चाल ऐकवली. आजोबा म्हणाले, ‘‘बेटा, इतका वेळ माणूस फुंकेल कसा? श्वास कुठं घेणार?’’

चूक नेमकी सापडली होती. मशीनला फुप्फुस नसते, म्हणून नवशिक्याची चाल लगेच खोटी वाटते. आता पोरगा दर ओळीनंतर श्वासाची जागा सोडतो. ट्रम्पेट किती उंच जाऊ शकते, क्लॅरिनेट खालच्या सुरात कसे बोलते, हे तो आजोबांकडून काढून घेतो. कपाटावरचे क्लॅरिनेट खाली आले आहे. त्याची रीड फुटलेली आहे, ती नागपूरहून आणायची आहे. आयटीआयचा अर्जही भरून झाला आहे. बाप म्हणतो, दोन वर्षे ट्रेड शीक, रात्री एक तास तुझा. पोरगा दोन तास मागतो आहे.