चार सुयांचं काम एका सुईवर

मेकॅनिकलच्या मुलाने विणकामावर लेख लिहिला म्हणून आमच्या विंगमधली मंडळी आणखी महिनाभर हसतील. हसू देत. फर्स्ट इयरला फिटिंगच्या जॉबवर तीन-तीन तास फाइल घासूनही ज्यांचा काटकोन कधी जमला नाही, त्यांनी माझ्या मोज्याला नावं ठेवू नयेत, एवढीच नम्र विनंती. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

सुरुवात आजोबांच्या पायांपासून. आजोबांना बरीच वर्षं मधुमेह आहे आणि पायांची संवेदना कमी झाली आहे. जळगावला आमच्याकडे थंडीत रात्री चांगलंच गारठतं. मागच्या हिवाळ्यात त्यांनी दुकानातले मोजे दिवसभर घातले. संध्याकाळी आईने काढले, तर पोटरीवर इलॅस्टिकचा खोल वळ आणि बोटांवर, जिथे मोज्याची शिवण येते तिथे, एक फोड. आजोबांना पत्ताच नव्हता. दुखलंच नाही, तर कळणार कसं? तो फोड बरा व्हायला पाच आठवडे गेले. डॉक्टरांनी बजावलं की घट्ट इलॅस्टिक नको आणि आतून घासणारी शिवणही नको.

आई म्हणाली, "मग घरीच विणू. पण माझे डोळे आता बारीक कामाला साथ देत नाहीत. तू विण, मी सांगते." सुट्टीत मी सुलट-उलट शिकलो. लहानपणी तिच्या मांडीवरच्या लोकरीच्या गुंड्याशी खेळलो होतो, त्याचं व्याजासकट परत करणं झालं.

आता मुद्द्याचं. स्वेटर आपल्याकडे बहुतेक दोन सरळ सुयांवर विणतात. त्यावर तयार होते सपाट पट्टी. तिची नळी करायची तर कडा शिवाव्या लागतात, म्हणजे परत शिवण आलीच! ही अडचण यंत्रांनाही होती. १५८९ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र बनवलं, पण तेही सपाटच विणायचं आणि मोजा शेवटी शिवावा लागायचा. पुढे १८१६ मध्ये मार्क ब्रुनेल यांनी गोल विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. (सिव्हिलवाल्यांनो, थेम्स नदीखालचा बोगदा खोदणारे ते हेच!) आज तिरुपूरला होजिअरीचं कापड गोल यंत्रांवर नळीसारखं निघतं. खोटं वाटत असेल तर दोरीवर वाळणारं एक बनियन घ्या, शक्यतो स्वतःचं, आणि बगलेखाली शिवण शोधा. बऱ्याच बनियनना ती सापडणार नाही.

हाताने नळी विणायची जुनी रीत म्हणजे दोन्ही बाजूंना टोक असलेल्या आखूड सुया. चारचा संच असतो किंवा पाचचा. चारच्या संचात तीन सुयांवर टाके बसतात, त्यांचा त्रिकोण होतो आणि चौथी सुई विणत फिरते. ही पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे. जर्मनीत सुमारे १४०० साली रंगवलेल्या एका चित्रात मेरी बाळ येशूचा सदरा अशाच सुयांवर विणताना दिसते. तेव्हा रीत वाईट नाही, पण माझ्यासारख्या नवशिक्याला ती दोन ठिकाणी छळते.

पहिला छळ म्हणजे शिडी. एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे दोन सुयांमध्ये कोन असतो. त्यामुळे शेवटच्या आणि पहिल्या टाक्यांमधला धागा थोडा जास्त सुटतो. एका फेरीत ते दिसत नाही. पण सांधा प्रत्येक फेरीत त्याच जागी येतो, म्हणून ढिला धागा एकावर एक रचत जातो आणि मोज्यावर उभी शिडी दिसू लागते. तीन सुया, तीन सांधे, तीन शिड्या. आपल्या भाषेत सांगायचं तर एरर रँडम नाही, सिस्टिमॅटिक आहे. त्यामुळे सरासरीत मिटत नाही.

दुसरा छळ रातराणीत झाला. दिवाळीनंतर पुण्याला परत येताना एसटीत विणत बसलो. एका मोज्याची अर्धी पोटरी झाली होती. नगरच्या अलीकडे गाडीने गचका खाल्ला आणि मोकळी सुई हातातून निसटली. शेजारच्या काकांनी मोबाइलचा उजेड धरला, मागच्या सीटवरच्या मावशींनी पिशव्या हलवल्या, कंडक्टरसाहेबही वाकून बघून गेले. सुई काही मिळाली नाही. उरल्या तीन, आणि तिन्हींवर टाके. विणायचं कशाने? शेवटी टाक्यांत बॉलपेनच्या रिफिली घालून हॉस्टेल गाठलं.

दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत गेलो. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "सुटी सुई नाही मिळत, दादा. गोल सुई घेऊन जा ना. पडली तरी सगळीच पडेल, हरवणार नाही!"

गोल सुई म्हणजे दोन आखूड सुया आणि त्यांना जोडणारी प्लॅस्टिकची लवचीक वायर. माझी शंका अशी होती की पायाचा घेर २३ सेंटिमीटर आणि बाजारातली लहानशी गोल सुईसुद्धा ४० सेंटिमीटरची. टाके तेवढे ताणणार कसे? उत्तर गंमतीदार आहे. लहान नाही, उलट लांब सुई घ्यायची, ८० किंवा १०० सेंटिमीटरची, आणि जास्तीची वायर मध्येच फासासारखी बाहेर ओढून ठेवायची. अमेरिकेतल्या सारा हाउश्का यांची ही युक्ती २००२ मध्ये 'मॅजिक लूप' नावाच्या पुस्तिकेतून लोकांपर्यंत गेली. त्याआधी २००१ मध्ये कॅट बोर्धी यांनी दोन गोल सुयांवर मोजे विणायचं पुस्तक काढलं होतं. त्यात अर्धे टाके एका सुईवर आणि अर्धे दुसऱ्या सुईवर असतात. प्रत्येक सुईवरचे टाके तिच्याच दुसऱ्या टोकाने विणायचे. मला मात्र एकाच सुईत भागवायचं होतं.

करायचं ते असं. माझी सुई १२ नंबरची, म्हणजे २.७५ मिलिमीटर. (इलेक्ट्रिकलवाल्यांच्या वायर गेजसारखंच इथेही नंबर वाढला की जाडी कमी होते.) छोटा चौकोन विणून मोजलं, तर दहा सेंटिमीटरला २८ टाके आले. एरवी मोजा घसरू नये म्हणून तो पायाच्या घेरापेक्षा साधारण दहा टक्के कमी ठेवतात. आजोबांना वरती आवळायला नको, म्हणून मी पूर्ण २३ सेंटिमीटर धरले. हिशेब आला ६४ टाके.

१. ६४ टाके घालून ते वायरवर सरकवा. ३२ टाक्यांनंतर वायर चिमटीत धरून मोठा फास बाहेर ओढा. आता ३२ टाके पुढे, ३२ मागे.

२. दोन्ही सुयांची टोकं उजवीकडे, टाके टोकांशी, आणि धागा मागच्या सुईवर. टाक्यांची खालची कड कुठे पिळली नाही ना, ते बघा. पिळली तर मोज्याऐवजी कायमचा पीळ पडलेली पट्टी मिळेल. मॅथ्सच्या सरांना आवडेल, आजोबांना नाही.

३. मागची सुई उजवीकडे ओढा. मागचे टाके वायरवर विसावतील आणि सुई मोकळी होईल. तिने पुढचे ३२ टाके विणा. सुरुवातीच्या टाक्यापाशी सेफ्टी पिन लावून ठेवा.

४. काम फिरवा, टाके परत टोकांवर आणा, पुन्हा मागची सुई ओढा आणि उरलेले ३२ विणा. ही झाली एक फेरी.

सांधे तीनवरून दोनवर आले. शिवाय वायर बारीक आणि मऊ असल्याने दोन्ही भाग जवळ येतात, धागा कमी सुटतो. तरीही शिडी पडू शकते. नवीन भागाचे पहिले दोन टाके विणले की धागा हलकेच ओढून घ्यावा. वायरला गुंडाळीची सवय लागलेली असेल तर ती गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ करावी. आमच्या हॉस्टेलवर सकाळी गरम पाणी अंघोळीलाच पुरत नाही, म्हणून मी मेसच्या मामांकडून पातेलंभर मागून आणलं. "चहा करतोस का रूमवर?" म्हणून त्यांनी दोनदा विचारलं.

खरा फायदा टाचेला कळला. टाच अर्ध्याच टाक्यांवर, पुढे-मागे सपाट विणतात. इथे अर्धे टाके आधीच वेगळे असतात. ते ३२ विणत राहायचे, बाकीचे वायरवर गप्प बसतात. टाचेनंतर तळव्याखाली सुरकुती पडू नये म्हणून मी टाके ६० वर आणले. बोटांकडे दर दुसऱ्या फेरीला दोन्ही भागांच्या दोन्ही कडांना एकेक, म्हणजे चार टाके कमी करत गेलो. २४ उरल्यावर समोरासमोरचे १२-१२ टाके बोथट सुईने एकमेकांत असे गुंफले की शिवणीचा उंचवटा राहिला नाही. पोटरीला इलॅस्टिकऐवजी दोन सुलट, दोन उलट. तेवढ्याने मोजा वर राहतो, पण वळ पडत नाही.

एका रात्री रेक्टर सर राउंडला आले. "काय रे, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "सर, मोजा." त्यांनी तो हातात घेतला, आत बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, "शिवण कुठंय याला?" सगळं सांगितलं. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या आईचेही पाय असेच आहेत. परीक्षा झाली की एकदा दाखव मला कसं करतात ते." त्या दिवसापासून विंगमधलं हसणं जरा कमी झालं.

चार सुयांवर ज्यांचा हात बसला आहे त्यांनी त्या सोडाव्यात, असं मी म्हणणार नाही. गोल सुईवर दर अर्ध्या फेरीला सरकवासरकव असते, वेळ जातो. पण प्रवासात, लोडशेडिंगमध्ये आणि माझ्यासारख्या धांदरटाच्या हातात तीच बरी.

पहिला मोजा सबमिशनमुळे सहा आठवडे चालला, दुसरा अडीच. संक्रांतीला घरी नेले. आजोबांनी दिवसभर घातले. संध्याकाळी आईने मोजे काढून टॉर्चच्या उजेडात पाय नीट तपासले: टाचा, बोटं, पोटरी. वळ नाही, लाली नाही. मोजे चांगले म्हणून तपासणी थांबत नाही. ती रोज करावीच लागते. आजोबा म्हणाले, "मला तर काही कळत नाही रे, घातलेत की नाही ते."

ते नेहमीच तसं म्हणतात. या वेळी मात्र आई हसली.