युद्धनौकेची किंमत कोणी ठरवावी?

खोपोलीत कर्ज काढून दोन खोल्या बांधणाऱ्या कोणत्याही कारकुनाला किंवा शिक्षकाला कंत्राटाचे दोन प्रकार ठाऊक असतात. एकात दर आधी ठरतो. दुसऱ्यात होईल तो खर्च मालकाने सोसावयाचा आणि त्यावर कंत्राटदाराला टक्केवारी द्यावयाची. या दुसऱ्या प्रकारात सिमेंट वाया गेले किंवा गवंडी बसून राहिला, तरी कंत्राटदाराचे काही बिघडत नाही. उलट त्याची टक्केवारी वाढतेच. आपल्या युद्धनौकांचे करार दीर्घकाळ या दुसऱ्या पद्धतीने होत आले.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कोलकाता’ वर्गाच्या तीन विनाशिकांचे उदाहरण घ्यावे. मूळ मंजूर खर्च ३,५८० कोटी रुपये होता. तो पुढे ११,६६२ कोटींवर, म्हणजे तिपटीहून अधिक, गेला. पहिली नौका नौदलात दाखल होण्यास ऑगस्ट २०१४ उजाडला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१०-११ च्या अहवालात या वाढीवर नेमके बोट ठेवले होते.

सारा दोष गोदीच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. रशियाकडून यावयाचे पोलाद उशिरा आले, कामगारांची वेतनवाढ झाली, शस्त्रास्त्रांच्या किमती मागाहून ठरल्या. आराखडा पक्का होण्यापूर्वीच बांधणी सुरू केली की किंमत हाताबाहेर जाणारच.

यावर सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे हा उपाय नव्हे. विनाशिका बांधू शकणाऱ्या गोद्या देशात मोजक्याच. तेथे स्पर्धा नावापुरती उरते. शिवाय नौका तीसएक वर्षे चालवावयाची असते. सुटे भाग व दुरुस्ती यांचा खर्च न धरता केलेली स्वस्त खरेदी पुढे महागच पडते.

म्हणून आराखडा निश्चित झाल्यावरच किंमत ठरवावी. विक्रेता एकच असेल, तेथे त्याच्या खर्चाचे तपशील सरकारी लेखापालांनी करारापूर्वी तपासावेत. विलंबाची भरपाई ज्याच्यामुळे विलंब झाला त्याने द्यावी. मागण्या ऐनवेळी बदलणारे नौदलही त्यास अपवाद नसावे. कच्च्या मालाची सोयही आधी पाहावी. २०२२ साली दाखल झालेली ‘विक्रांत’ देशी पोलादाने उभी राहिली, हा धडा मोलाचा आहे.

संरक्षणाच्या नावाखाली हिशेब विचारणे देशद्रोहाचे मानू नये. वाया गेलेल्या प्रत्येक कोटीमागे नौदलाच्या ताफ्यात तेवढी उणीव राहते, आणि तिची किंमत समुद्रावरचा खलाशी मोजतो. शस्त्राचे गुण गुप्त राहावेत. त्याचे बिल मात्र संसदेपुढे उघडे असले पाहिजे.