दोन छायाचित्रांचा एक देखावा

पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्याचे छायाचित्र घेणाऱ्यापुढे एक अडचण हटकून उभी राहते. ओला खडक व घटप्रभेचे गढूळ पाणी स्पष्ट यावे म्हणून प्रकाश अधिक घेतला, तर वरचे मेघ पांढरेफटक होतात. मेघ उमटावेत म्हणून प्रकाश कमी केला, तर खडक काळोखात बुडतो. ही अडचण छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्र व आकाश यांच्या निरनिराळ्या काचा घेऊन त्या एकाच कागदावर छापल्या. एक भाग छापताना दुसरा झाकून ठेवायचा, हेच त्यातील मर्म.

संगणकावरील ‘लेयर मास्क’ म्हणजे त्याच झाकणाचे नवे रूप होय. तिवई न हलवता धबधब्याची दोन छायाचित्रे घ्यावीत. ज्यात मेघ नीट आले आहेत ते खाली ठेवावे, खडक नीट आलेले त्यावर ठेवावे आणि वरच्या थराला मास्क जोडावा. मास्क पांढरा असेल तेथे वरचे चित्र दिसते. काळा असेल तेथे ते झाकले जाऊन खालचे प्रकटते. करडा असेल तेथे दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून आकाशाच्या भागावर काळा रंग फिरवावा आणि क्षितिजाशी कुंचला मऊ ठेवावा, म्हणजे सांधा दिसत नाही.

मग खोडरबराने आकाश पुसून टाकले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. पुसलेले जाते, झाकलेले राहते. हात चुकला तर त्याच जागी पांढरा रंग फिरवावा, मूळ चित्र परत येते. मात्र काम थरांसकट जपून ठेवावे. जेपीईजी प्रतीत सारे थर एकजीव होतात. फोटोशॉपमध्ये थरांची सोय १९९४ साली आली. विनामूल्य मिळणाऱ्या गिंपमध्येही हे सर्व करता येते.

परंतु हीच विद्या माणसांच्या चित्राला लावली की प्रश्न निराळा होतो. निपाणीच्या एखाद्या घरी नातीच्या लग्नाआधीच आजोबा निवर्तलेले असतात. त्यांचे जुने छायाचित्र लग्नाच्या चित्रात बसवून द्यावे, असे आजीला वाटते. उजेड एकाच बाजूचा असला, सावल्या जुळल्या, तर आजोबा नातीच्या शेजारी उभे दिसतात. आजीच्या डोळ्यांना पाणी येते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणारी पणतवंडे आजोबा लग्नाला हजर होते असेच समजतील.

यासाठी चित्राच्या पाठीमागे एक ओळ लिहावी: ‘दोन छायाचित्रे जोडून केलेले’; आणि मूळ दोन्ही चित्रे त्याच पाकिटात ठेवावीत. मास्कने झाकलेले नाहीसे होत नाही. ते झाकले आहे, एवढे सांगण्याचे काम मात्र माणसानेच करावयाचे असते.